सूचना निघाली, पण पोहोचली का?

(गणेशोत्सवातील व्याख्यानात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर विद्वान वक्ते येऊन गेले आहेत. संतवाङ्मय, इतिहास, संगीत यांवर त्यांनी आपल्याला पुष्कळ दिले. मी पॉलिटेक्निकचा डिप्लोमा घेतलेला, रेल्वेत रूळ सांभाळणारा माणूस. तेव्हा मी माझ्या आवाक्यातला विषय निवडला आहे. विषय साधा आहे : आपल्या शहरात निघणाऱ्या सूचना. नगर निगमची जाहीर सूचना, वॉर्डाची मतदार यादी, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरचा बारीक टाइपातला इश्तहार. रोज निघतात, रोज रद्दीत जातात. पण आपले घर, आपले मत, आपल्या नातवंडाचे नाव आणि आपली भाषा, चारही गोष्टी या कागदांवर अवलंबून आहेत. म्हणून आज थोडा वेळ मागतो.

आमच्या खात्यातील एक पद्धत आधी सांगतो. रुळावर कुठे काम चालू असेल आणि गाडी हळू चालवायची असेल, तर ड्रायव्हरला, म्हणजे आता ज्याला लोको पायलट म्हणतात त्याला, सतर्कता आदेश दिला जातो. कोणत्या किलोमीटरपासून कोणत्या किलोमीटरपर्यंत, किती वेगाने, हे त्यात लिहिलेले असते. तो कागद त्याच्या हातात देऊन आम्ही मोकळे होत नाही, त्याची सही घेतो. स्टेशन मास्तर फाटकवाल्याला फोनवर गाडी येत असल्याचे सांगतो, तेव्हा फाटकवाला नुसते ‘हो’ म्हणत नाही. आपल्याजवळच्या तक्त्यातला एक आकडा सांगतो. त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. तो दोन्हीकडच्या वहीत उतरला की निरोप पोहोचला असे धरतात. थोडक्यात, रेल्वेत सूचना ‘काढली’ याला किंमत नाही, ‘पोहोचली आणि समजली’ याला किंमत आहे.

शहराच्या कारभारात हा शेवटचा दुवा नाही. कायदा सांगतो की सूचना प्रसिद्ध करावी. ती प्रसिद्ध होते. कार्यालयाच्या फलकावर लागते, दोन वर्तमानपत्रांत छापून येते, आता संकेतस्थळावरही चढते. कायद्याच्या दृष्टीने काम झाले. तुम्ही वाचली की नाही, याची सही कोणी घेत नाही. मुदत मात्र त्याच दिवसापासून चालू होते. हा सुटलेला दुवा आपण जोडावा, एवढेच मला आज सांगायचे आहे.

हे शहर कोणाचे?

जबलपूरची नगरपालिका १८६४ सालची. पुढे ‘सिटी ऑफ जबलपूर कॉर्पोरेशन ॲक्ट’ आला आणि स्वातंत्र्यानंतर तिचे निगम झाले. १८८३ मध्ये खंदारी जलाशयाचे पाणी शहरात आले. त्या कामासाठी राजा गोकुळदास यांनी कर्ज दिले होते. आज आपण लालपूर आणि रमनगरा येथून आलेले नर्मदेचे पाणी पितो, पण नळाने पाणी देण्याची सुरुवात त्या जलाशयापासून झाली.

या नगरपालिकेच्या एका निर्णयाने देशाचा इतिहास हलला, हे आपल्या मुलांना माहीत असावे. १९२२ मध्ये काँग्रेसचे पाहुणे शहरात आले, तेव्हा टाउन हॉलवर, म्हणजे आजच्या गांधी भवनावर, तिरंगा फडकला. त्याचा जाब थेट ब्रिटिश पार्लमेंटात विचारला गेला. पुढच्या वर्षी पुन्हा झेंडा लावायचे ठरले तेव्हा इंग्रज अधिकाऱ्याने अडवले. १८ मार्च १९२३ रोजी पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली मिरवणूक निघाली. सुभद्राकुमारी चौहानही त्या चळवळीत होत्या. येथे पेटलेला झेंडा सत्याग्रह नंतर नागपूरला गेला आणि देशभर पोहोचला. नगरपालिका म्हणजे फक्त नाली आणि दिवाबत्ती असे समजणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

आणि आपण? आपल्यापैकी कित्येकांच्या घरी अजून ‘आम्ही मूळचे नागपूरचे’, ‘आम्ही मूळचे सातारचे’ असे सांगितले जाते. सांगावे, त्यात वाईट काही नाही. पण १९५६ पर्यंत हे शहर नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच होते. १८७० मध्ये मुंबईकडून आलेली जी.आय.पी. आणि कलकत्त्याकडून आलेली ईस्ट इंडियन, या दोन रेल्वे इथेच जोडल्या गेल्या. १९५६ मध्ये हायकोर्ट इथे आले. गन कॅरेज फॅक्टरी, खमरिया, व्हेइकल फॅक्टरी, वीज मंडळ आणि २००३ पासून पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय. या सगळ्यांबरोबर आपली माणसे आली आणि इथलीच झाली. २०१५ ते २०२० या काळात स्वाती गोडबोले या शहराच्या महापौर होत्या. तेव्हा आपण इथे पाहुणे नाही. पाहुण्याला सूचना वाचावी लागत नाही, घरच्या माणसाला वाचावी लागते.

आधी कार्यालय ओळखा

पहिली अडचण अशी की जबलपुरात ‘सरकार’ एक नाही. एका रस्त्याच्या उजव्या हाताला नगर निगम, डाव्या हाताला छावणी परिषद, पुढे रेल्वेची जमीन आणि त्यापुढे कारखान्याची इस्टेट, असे प्रकार इथे आहेत. आयुध कारखान्यांचे जुने बोर्ड १ ऑक्टोबर २०२१ रोजी बंद झाले आणि कारखाने वेगवेगळ्या सरकारी कंपन्यांकडे गेले. म्हणजे वसाहतीतल्या माणसाचा अर्ज कोणाकडे जावा, हेही बदलले. नाली तुंबली म्हणून चुकीच्या दारात तीन महिने खेटे घालणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांची तक्रार खरी होती, दार चुकीचे होते. म्हणून प्रत्येक घराने एका कागदावर चार गोष्टी लिहून दाराच्या मागे चिकटवाव्यात : आपण कोणाच्या हद्दीत, वॉर्ड कोणता, नगर निगमचे संभागीय कार्यालय कोणते आणि पार्षद कोण. शहरात ७९ वॉर्ड आहेत. २०११ च्या जनगणनेत निगमच्या हद्दीची लोकसंख्या साडेदहा लाखांच्या वर होती. म्हणजे एका वॉर्डात सरासरी तेरा हजारांहून जास्त माणसे. एका पार्षदाला प्रत्येक घर आठवावे, ही अपेक्षा धरू नका. आपणच त्यांना आठवण करून द्यायची.

सूचनांचे तीन प्रकार

मी माझ्या सोयीसाठी सूचनांचे तीन प्रकार करतो : माहितीच्या, मुदतीच्या आणि हरकतीच्या.

माहितीची सूचना म्हणजे उद्या टाकी धुणार आहेत, पाणी येणार नाही. अमुक रस्ता बंद राहील. विसर्जन ग्वारीघाटावर नदीत न करता भटौलीच्या कुंडात करावे. ही चुकली तर एक दिवसाची गैरसोय होते, बादल्या भरायच्या राहतात. चिडचिड होते, नुकसान थोडे.

मुदतीची सूचना चुकली की पैसा, वेळ आणि हेलपाटे वाढतात. सगळ्यात जवळचे उदाहरण जन्म-मृत्यू नोंदीचे. १९६९ च्या कायद्याप्रमाणे २१ दिवसांत नोंद विनाशुल्क होते. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, एक वर्षापर्यंत अधिकाऱ्याची लेखी परवानगी आणि वर्ष उलटले की जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्याचा आदेश. बाळाचे नाव ठरले नसेल तर नोंद थांबवू नका. नाव बारा महिन्यांपर्यंत शुल्काशिवाय आणि पुढे पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून घालता येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून नियम आणखी महत्त्वाचा झाला आहे. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्माचा दाखला हाच जन्मतारीख आणि जन्मस्थानाचा पुरावा. शाळा, वाहन परवाना, मतदार यादी, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी, सगळीकडे तोच.

इथे आपली खास मराठी अडचण येते, ती म्हणजे ‘ळ’. हिंदीत हे अक्षर फारसे वापरात नाही. त्यामुळे काळे यांचे ‘काले’ होते, मुळे यांचे ‘मुले’ होते, पळसुले यांचे ‘पलसुले’. इंग्रजीत स्पेलिंग एकच असल्याने कोणाच्या लक्षात येत नाही. दुसरी गोष्ट, आपण नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशी तीन पदे लिहितो. इथल्या फॉर्मात वडिलांच्या नावाची ओळ वेगळी असते. मग एका कागदावर तीन पदे, दुसऱ्यावर दोन. पंधरा-सोळा वर्षांनी दहावीची गुणपत्रिका आणि जन्माचा दाखला समोरासमोर येतात, तेव्हा मुलाला परीक्षेच्या ऐन तोंडावर शपथपत्रे करत फिरावे लागते. माझ्या परिचयातल्या एका कुटुंबाने एका अक्षरासाठी दोन शहरांत मिळून सहा चकरा मारल्या. म्हणून दाखला हातात आला की तिथेच, खिडकीसमोर उभे राहून, अक्षर न् अक्षर वाचा. घरी जाऊन फाइलमध्ये ठेवू नका.

मालमत्ता कराचेही तसेच. आपल्या राज्यात घरमालकाने स्वतः विवरण भरायचे असते. मालक स्वतः राहतो त्या भागाला करात निम्मी सूट आहे. पण जुन्या विवरणात घर भाड्याने दिलेले दाखवले असेल आणि भाडेकरू कधीच निघून गेला असेल, तर ही सूट आपोआप मिळत नाही. ‘इतकी वर्षे भरतोच आहे’ म्हणत आपण पावती न वाचता भरत राहतो.

मतदार यादी एक नाही, दोन आहेत

मुदतीच्या सूचनांमध्ये मतदार यादीचे सविस्तर सांगतो, कारण इथे पुष्कळांची गफलत होते. लोकसभा-विधानसभेची यादी भारत निर्वाचन आयोग करतो. नगर निगमच्या निवडणुकीची वॉर्डवार यादी राज्य निर्वाचन आयोग करतो. एकीत नाव आहे म्हणून दुसरीत असेलच, किंवा योग्य वॉर्डात असेल, असे नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात आपल्या राज्यात विशेष सघन पुनरीक्षण सुरू झाले आणि घरोघर फॉर्म आले, ते पहिल्या यादीचे. त्यावरून वॉर्डाच्या यादीबद्दल निश्चिंत राहू नका.

नगर निगमच्या मागच्या निवडणुका जुलै २०२२ मध्ये झाल्या. त्याआधीच्या परिषदेची मुदत २०२० मध्ये संपली होती आणि मधली दोनेक वर्षे शहर प्रशासकाच्या हाती होते. म्हणजे लोकांनी तब्बल साडेसात वर्षांनी पार्षद आणि महापौर निवडले. त्या दिवशी आमच्या गल्लीतल्या एक काकू, वय पंच्याहत्तरच्या पुढे, पावसात रिक्षा करून केंद्रावर गेल्या. आयुष्यात एकही मतदान न चुकवलेल्या. यादीत नाव नव्हते. वॉर्डाच्या सीमा बदलल्या होत्या आणि प्रारूप यादी लागली तेव्हा कोणी पाहिली नव्हती. केंद्रावरच्या कर्मचाऱ्यांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले, पण मत देता येईना. त्या मला म्हणाल्या, “अरे, मी मेले असं कुणी लिहिलं असेल का रे?” उत्तर माझ्यापाशी नव्हते. मला तेव्हा एवढे समजले की प्रारूप यादी लागल्याच्या त्या काही दिवसांत आमच्या गल्लीतला एक माणूस जरी यादीसमोर दहा मिनिटे उभा राहिला असता, तर काकूंचा अर्ज भरता आला असता. परिषदेची मुदत पाच वर्षांची, म्हणजे २०२२ नंतरचे वर्ष २०२७. यादी आधी लागते, प्रचाराचे भोंगे नंतर वाजतात. भोंगा ऐकून जागे झालो तर बैल गेला आणि झोपा केला.

हरकतीची सूचना

तिसरा प्रकार हरकतीचा. हा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी वाचला जाणारा. इथे सरकार विचारते, ‘आम्ही असे करणार आहोत, तुमचे म्हणणे काय?’ आणि दिलेल्या दिवसांत कोणी बोलले नाही, तर तुमची संमती आहे असेच गृहीत धरून गाडी पुढे जाते.

शहराच्या विकास योजनेचा मसुदा १९७३ च्या नगर तथा ग्राम निवेश अधिनियमाखाली प्रसिद्ध होतो, तेव्हा हरकतींसाठी किमान ३० दिवस असतात. कोणती जमीन निवासी, कोणती बाजारासाठी, रस्ता किती रुंद, नाल्याच्या आणि तळ्याच्या कडेला काय, हे त्यात ठरते. हे शहर बावन्न तळ्यांचे म्हणून ओळखले जाते. राणीताल, चेरीताल, अधारताल, हनुमानताल ही नावे आपण रोज घेतो, पण कित्येक तळ्यांचे आता फक्त नावच उरले आहे. ओमती आणि मोती नाल्याला पूर आला की आपण निगमला बोल लावतो. ती जागा नकाशावर काय रंगवली होती, हे पाहायला मसुद्याच्या महिन्यात आपल्यापैकी किती जण गेले?

सार्वजनिक कामासाठी जमीन घ्यायची असेल तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे प्राथमिक अधिसूचनेपासून ६० दिवसांत हरकत देता येते. पुलाचा पहिला खांब उभा राहतो तेव्हा कागद फिरून बराच काळ झालेला असतो. त्यानंतर खांबाशी भांडण्यात अर्थ नसतो.

आणि घरगुती पातळीवर, नामांतरणाच्या सूचना. ‘अमुक घर अमुक यांच्या नावे करण्याचा अर्ज आला आहे, कोणास आपत्ति असल्यास अमुक दिवसांत कळवावे.’ नेपियर टाउन, राइट टाउन, गोलबाजार या भागांत आपली जुनी घरे आहेत. मुले पुण्याला, बंगळूरला, अमेरिकेत. घरात एकटी आई नाहीतर एकटे बाबा. काही घरांना तर कुलूपच. अशा घराविषयी एखादी सूचना छापून आली तर वाचणार कोण? शेजाऱ्याने वाचली तरच.

‘आपत्ति’ म्हणजे संकट नव्हे

तुम्ही म्हणाल, आम्हाला हिंदी काय येत नाही? बाजारातली, कचेरीतली, मित्रांतली हिंदी आपल्याला उत्तम येते. पण सरकारी हिंदी हा वेगळा प्रांत आहे. त्यात काही शब्द मराठीसारखेच दिसतात आणि नेमका तिथे पाय घसरतो. तिथला ‘आपत्ति’ म्हणजे हरकत, आपल्याकडे आपत्ती म्हणजे संकट. तिथले ‘संशोधन’ म्हणजे दुरुस्ती, आपल्याकडे शोधकार्य. ‘नाम संशोधन हेतु आवेदन’ म्हणजे नावावर प्रबंध लिहायचा नसतो, चूक दुरुस्त करायची असते. तिथली ‘पेशी’ म्हणजे सुनावणीची तारीख. तिथल्या कोर्टात ‘राजीनामा’ म्हणजे तडजोड, आपल्याकडे नोकरी सोडणे. ‘विलोपन’ म्हणजे यादीतून नाव काढणे. ‘प्रारूप’ म्हणजे कच्चा मसुदा, ज्यावर अजून बोलता येते. सातारा-सांगलीहून लग्न होऊन आलेल्या सुनेला आणि मुलाकडे राहायला आलेल्या निवृत्त आई-वडिलांना हे शब्द कोण समजावणार? ते काम आपले आहे.

दुसरा अडथळा मोबाइलचा. पूर्वी सूचना मिळत नव्हत्या, आता इतक्या मिळतात की खरी कोणती ते कळत नाही. ‘उद्यापासून तीन दिवस पाणी बंद’ हा निरोप दरवर्षी फिरतो, कधी तर दुसऱ्याच शहराचा असतो. आमच्याकडे तारीख, वेळ आणि क्रमांक नसलेल्या निरोपावर कोणी गाडी सोडत नाही. तुम्हीही चार गोष्टी बघा : कोणी काढली, कधी काढली, क्रमांक काय आणि शेवटची तारीख कोणती. चारांपैकी एक जरी नसेल तर पुढे पाठवू नका.

तक्रार करावी ती पावती घेऊन

सूचना हा एकमार्गी रस्ता नाही. आपल्याकडूनही तिकडे निरोप जायला हवा आणि त्याचीही पोच हवी. मध्य प्रदेशात २०१० पासून लोकसेवा हमीचा कायदा आहे आणि असा कायदा करणारे हे देशातले पहिले राज्य. ठरलेल्या सेवा ठरलेल्या दिवसांत द्यायच्या. विनाकारण उशीर झाला तर संबंधित अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त ५,००० रुपये दंड होऊ शकतो. पण हा हक्क कोणाला? ज्याच्या हातात अर्जाची पोचपावती आहे त्याला. तोंडी सांगून आलेल्याला नाही.

१८१ क्रमांकाची सी.एम. हेल्पलाइन २०१४ पासून आहे. तिथे तक्रारीला क्रमांक मिळतो आणि ती खालच्या अधिकाऱ्याकडून चार पायऱ्या वर चढते. एक गोष्ट सांभाळा. फोन येतो, ‘आपका काम हो गया?’ आपण संकोचाने ‘हो जी, हो जाएगा’ म्हणतो आणि तक्रार बंद होते. काम झाले असेल तरच हो म्हणा. मंगळवारी कलेक्टर कार्यालयात जनसुनवाई असते. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत प्रश्न विचारता येतो आणि ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. हत्यारे सगळी आहेत, ती गंजू द्यायची नाहीत.

त्याचबरोबर हेही सांगतो की कर्मचारी हा आपला शत्रू नव्हे. मी स्वतः सरकारी नोकर आहे. रात्री दोन वाजता पावसात रुळावर गस्त घालणारा माणूस कोणाला दिसत नाही, तसाच पहाटे गटारात उतरणाराही दिसत नाही. २२ मे १९९७ च्या पहाटे सव्वाचारच्या सुमारास भूकंप झाला. शहर अंधारात रस्त्यावर होते. त्या दिवसांत सूचना देणारा आणि घेणारा असा भेद उरला नव्हता, सगळे एकमेकांना सांगत होते, हात देत होते. मी तेव्हा शाळकरी वयाचा होतो. भूकंप नसतानाही थोडेसे तसे वागता येईल का, एवढाच प्रश्न आहे.

मंडळाने काय करावे

आता मुद्द्यावर येतो. आपले मंडळ दहा दिवस उत्तम चालते. मंडपाची परवानगी, तात्पुरती वीजजोडणी, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, विसर्जनाचा मार्ग, या सगळ्या सूचना आपले कार्यकर्ते वेळेत वाचतात आणि तंतोतंत पाळतात. म्हणजे आपल्याला हे काम येते. तेच बाकीचे दिवस थोडे थोडे करायचे आहे. माझे पाच प्रस्ताव आहेत.

एक, सभागृहाबाहेर कायमचा एक फळा असावा. त्यावर आठवड्याला फक्त तीन ओळी : काय, कोणासाठी, शेवटची तारीख. मराठीत, मोठ्या अक्षरांत.

दोन, आपले सभासद ज्या ज्या वॉर्डात राहतात तिथे एक वाचक ठरवावा. निवृत्त मंडळींनी हे काम घ्यावे. सकाळी पेपर वाचताच आहात, जाहीर सूचनांचे अर्धे पानही वाचा.

तीन, एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची आणि कुलूपबंद घरांची यादी मंडळाकडे असावी. सूचना त्यांच्यासाठी असेल तर निरोप दारात जाऊन द्यावा आणि वहीत सही घ्यावी. रुळावर गस्त घालणाऱ्याची वही प्रत्येक स्टेशनवर सही होऊन पुढे जाते, तशी ही वही फिरावी.

चार, दर महिन्याच्या एका रविवारी कॉलेजच्या मुलामुलींनी दोन तास बसावे. ऑनलाइन अर्ज, कराचे विवरण, यादीत नाव शोधणे, यांत मदत करावी. पण कोणाचे आधार कार्ड आपल्या मोबाइलमध्ये ठेवू नये, कोणाचा ओटीपी विचारू नये. विश्वास एकदा गेला की फळा वाचायलाही कोणी येणार नाही.

पाच, या कामात पक्ष आणू नये. सूचना कोणत्या पक्षाच्या काळात निघाली, याची चर्चा चहाच्या टपरीवर करावी. फळ्यावर नको.

एक शेवटची सूचना

उठण्यापूर्वी एक सूचना मी स्वतः देतो. २०२१ ची राहून गेलेली जनगणना आता होत आहे आणि तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. जनगणनेत मातृभाषा विचारली जाते. प्रगणक दारात येतो, आपण त्याच्याशी हिंदीत बोलतो. तो बिचारा घाईत असतो. न विचारता ‘हिंदी’ लिहिले जाऊ शकते आणि आपणही ‘काय फरक पडतो’ म्हणून सोडून देतो.

फरक पडतो. घटनेच्या ३५० अ या कलमात भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे म्हटले आहे. सोय मागायला गेलो की पहिला प्रश्न येतो, ‘तुम्ही आहात किती?’ त्याचे उत्तर आपल्या आरतीच्या आवाजावरून ठरत नाही, त्या रकान्यावरून ठरते. या शहरात आपल्या आजोबा-पणजोबांनी मराठी शाळा चालवल्या, ग्रंथालये चालवली, हा उत्सव चालवला. आपल्या पिढीने निदान एका रकान्यात एक शब्द बरोबर लिहून घ्यावा. घरातले सगळे, लहान बाळासकट. हिंदी आपली आहेच. इतर येणाऱ्या भाषांत ती जरूर सांगा. मातृभाषा विचारली की मात्र मराठी सांगा.

मी दिलेली ही सूचना इथे बसलेल्या दीडदोनशे माणसांपर्यंत पोहोचली. पोहोचली का, हे आमच्या पद्धतीप्रमाणे विचारतो. घरी गेल्यावर आज जे आले नाहीत अशा एका घराला फोन करा आणि त्यांनी ‘कळले’ म्हटल्याशिवाय फोन ठेवू नका. तोच आपला प्रायव्हेट नंबर.

 श्रीगजानन आपणां सर्वांना आरोग्य आणि सद्बुद्धी देवो.

गणपती बाप्पा मोरया!